घोड्यांच्या जुन्या गवतकापणी यंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळे, तटबंद्या व जुने वाडे ह्यांच्या संबंधाने योजण्याचा प्रघात आहे. शेताच्या कडेला गंजत पडलेल्या एखाद्या अवजाराचा जीर्णोद्धार करावा, व त्यासाठी शहाण्यासुरत्या माणसांनी सबंध हिवाळा खर्ची घालावा, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः पेन्सिल्व्हेनिया व ओहायो ह्या भागांत, घोड्यांनी ओढावयाच्या जुन्या गवतकापणी यंत्रांच्या बाबतीत हेच काम आजही चालू आहे. त्याची हकीकत येथे द्यावी असे आम्ही योजिले आहे. विद्यार्थ्यांस तीत यंत्रशास्त्र व भूमिती ही दोन्ही कामाला लागलेली दिसतील. आणि पालकवर्गात जे शेतकरी, लोहार किंवा सुतार असतील, त्यांस ह्यातील बरेचसे आपल्याच घरचे वाटेल.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, त्या देशात वाळलेल्या गवताचे महत्त्व आपल्याहून निराळे आहे. आपल्याकडे जनावरास ज्वारीचा कडबा असतो, कोकणात भाताचा पेंढा असतो. पावसाळा सरल्यावर माळावरचे गवत विळ्याने कापून गंजी रचितात, ती बहुधा पुरवणीची. तिकडे उत्तरेकडील भागांत हिवाळ्याचे कित्येक महिने जमिनीवर हिरवी काडी नसते. गाईघोडे गोठ्यात बांधून असतात आणि उन्हाळ्यात कापून ठेविलेल्या गवतावरच त्यांचा निर्वाह चालतो. हिरव्या गवतात शेकडा ७५ ते ८० भाग पाणी असते. ते शेकडा २० च्या आसपास उतरल्यावाचून गवत साठविता येत नाही. ओलसर गवत कोठारात घातले, तर ते आतल्या आत तापू लागते व प्रसंगी आपोआप पेट घेऊन कोठारासकट भस्म होते. म्हणून आकाश स्वच्छ असेल त्या तीन-चार दिवसांत कापणे, उलथणे, ओढून गोळा करणे व भरणे ही सारी कामे उरकावी लागतात. ह्या घाईतूनच तिकडची गवताची यंत्रे जन्मास आली.

यंत्र येण्यापूर्वी लांब दांड्याच्या, दोन्ही हातांनी फिरवावयाच्या मोठ्या विळ्याने गवत कापीत. एका सराईत माणसाकडून दिवसास सुमारे एक एकर गवत कापून होई. आता यंत्राचा हिशेब पाहा. घोड्यांची जोडी ताशी अडीच मैल चालते असे धरा व यंत्राचा कापणीदांडा पाच फूट लांब आहे असे धरा. अडीच मैल म्हणजे १३,२०० फूट. त्यास पाचांनी गुणिले म्हणजे ६६,००० चौरस फूट झाले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. भागाकार विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. साठ गुंठ्यांहून थोडे अधिक, म्हणजे तासाला दीड एकर, असे उत्तर येईल. वळणे, घोड्यांची विश्रांती व धार लावण्याचा वेळ वजा घातला, तरी एक मनुष्य व दोन घोडे मिळून आठ-दहा माणसांचे काम करितात.

ह्या यंत्राचे मर्म त्याच्या सुरीत आहे. लोखंडी पट्टीवर त्रिकोणी पाती ओळीने रिवेटांनी ठोकलेली असतात. ही पट्टी पुढे आलेल्या लोखंडी बोटांच्या खाचांतून डावीकडे-उजवीकडे अतिशय जलद सरकते. बोटावरील पोलादी पट्टी हे कात्रीचे एक पाते व सरकणारा त्रिकोण हे दुसरे. मध्ये सापडलेली काडी कापली जाते. ही युक्ती ओबेड हसी नावाच्या एका माजी खलाशाने योजिली व १८३३ मध्ये आपल्या धान्यकापणी यंत्रासाठी तिचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी सायरस मॅकॉर्मिकने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि दोघांत वर्षानुवर्षे चुरस चालली. धन व कीर्ती मॅकॉर्मिकच्या वाट्यास आली; परंतु गवत कापणाऱ्या यंत्रांत टिकली ती हसीची सुरी. १८६० मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका तहानलेल्या मुलासाठी पाणी आणावयास हसी खाली उतरला, आणि चालत्या गाडीत परत चढताना तिच्याखाली सापडून मरण पावला.

पुढे १८५० नंतरच्या दशकात कापणीदांडा बिजागरीवर बसविण्याची सोय निघाली, त्यामुळे तो जमिनीच्या उंचसखलाप्रमाणे हलू लागला आणि रस्त्यावरून जाताना उभा करून ठेविता येऊ लागला. ह्यात अनेकांचा हात होता, पण विशेष नाव लुइस मिलर ह्याचे घेतले जाते. ओहायोतील ह्याच गृहस्थाने १८७४ मध्ये शाटाक्वा येथे रविवारच्या शाळांच्या शिक्षकांसाठी प्रसिद्ध शिक्षणवर्गाची स्थापना करण्यात पुढाकार घेतला, आणि १८८६ मध्ये त्याची कन्या मायना हिचा विवाह थोर शोधक एडिसन ह्याच्याशी झाला. १९०२ मध्ये मॅकॉर्मिक, डिअरिंग इत्यादी प्रतिस्पर्धी कारखाने एकत्र होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर ही प्रचंड कंपनी निर्माण झाली. तिच्या 'नंबर ९' नावाच्या यंत्रात दंतचक्रे बंद पेटीत तेलात बुडून चालत. ते १९३९ च्या सुमारास निघाले, आणि जीर्णोद्धार करणारे लोक आजही त्यालाच अधिक पसंत करितात. विलक्षण गोष्ट ही की, यंत्र पूर्णत्वास पोहोचले तेव्हा घोड्यांचे युग मावळू लागले होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास संयुक्त संस्थानांत घोडे व खेचरे मिळून अडीच कोटींहून अधिक होती. त्यानंतर ट्रॅक्टर आले व ती संख्या झपाट्याने ओसरली. १९४२ मध्ये युद्धसामग्रीसाठी मोडीचे लोखंड गोळा करण्याची मोठी मोहीम निघाली, तीत शेतातील पुष्कळ जुनी अवजारे भट्टीत गेली. राहिली ती कुंपणाच्या कडेला, झुडपांत दडलेली.

ती सर्वस्वी विस्मृतीत गेली नाहीत ह्याचे श्रेय मुख्यत्वे आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांकडे जाते. ह्या लोकांची संख्या आज सुमारे चार लाख असून त्यांपैकी बहुतेक मंडळ्या शेतात ट्रॅक्टर चालवीत नाहीत. कोणते यंत्र घ्यावे व कोणते नाकारावे हे त्यांची मंडळी विचाराने ठरविते. घोड्यांमागे ओढावयाच्या यंत्रावर इंजिन बसविण्यास काही ठिकाणी मोकळीकही असते. त्यांच्यापाशी जुन्या यंत्राची दुरुस्ती हा छंद नव्हे. पुढच्या आठवड्यात गवत कापावयाचे आहे म्हणून ती करावयाची असते. १९७६ पासून निघणाऱ्या 'स्मॉल फार्मर्स जर्नल' ह्या नियतकालिकानेही घोडशेतीची ही विद्या लिहून ठेविण्याचे मोठे काम केले आहे. विद्या असे आम्ही मुद्दाम म्हणतो. यंत्र कुंपणापाशी पन्नास वर्षे पडून राहू शकते. ते जुळविण्याचे ज्ञान मात्र माणसाबरोबर जाते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मोडीतून आणिलेले यंत्र पुढ्यात आले की पुष्कळांचा हात प्रथम रंगाच्या डब्याकडे जातो. हे आम्हास मुळीच पसंत नाही. प्रथम यंत्र ओळखावे. त्याच्या बिडाच्या बहुतेक भागांवर ओतकामातच उठविलेले अंक असतात. तारेच्या ब्रशाने गंज झाडला की ते वाचता येतात व कोणत्या कारखान्याचा कोणता भाग हे त्यांवरून कळते. मागून जोडलेला परका भागही त्यावरूनच उघडकीस येतो.

त्यानंतर सुरी थांबविण्याचा खटका तपासावा. ह्या खटक्याने चाकांची गती सुरीपासून तोडली जाते. तो झिजलेला असेल, तर घोड्यांनी एक पाऊल टाकताच बंद समजलेली सुरी चालू होते. घोडे जुंपलेले असताना दांड्यापुढे उभे राहून अडकलेले गवत हाताने काढू लागलेल्या माणसांची बोटे, कित्येकदा पाय, ह्या सुरीने नेले आहेत. खटका निर्दोष झाल्यावाचून पुढच्या कामास हात घालू नये, आणि तो निर्दोष असला तरी दांड्यापुढे उभे राहू नये.

गंजलेले बोल्ट सोडविणे हे चिकाटीचे काम आहे. रॉकेल किंवा पातळ तेल घालून दिवसचे दिवस वाट पाहावी, ज्योतीने तापवून पुन्हा तेल द्यावे. घणाचा उपयोग शक्यतो टाळावा. पोलाद वाकते, पण बीड तडकते, आणि तडकलेले बीड सांधणे हे सामान्य लोहाराचे काम नव्हे. दंतचक्रांच्या पेटीचे झाकण काढले की आत डांबरासारखे घट्ट झालेले तेल व बहुधा तळाशी पाणी सापडते. तिकडच्या थंडीत हे पाणी गोठते, गोठताना फुगते व पेटीच फोडते. म्हणून पेटी रॉकेलने धुऊन खालच्या अंगाने नीट न्याहाळावी. चीर दिसल्यास त्या यंत्राचे सुटे भाग दुसऱ्यासाठी राखून ठेवणे हेच बहुधा शहाणपणाचे ठरते. पुष्कळ वेळा दोन-तीन मोडक्या यंत्रांतून एक चांगले यंत्र उभे राहते.

फार जुन्या यंत्रांत काही ठिकाणी आस फिरण्याच्या जागी बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो. कथील, अँटिमनी व तांबे ह्यांपासून तो करितात. तो झिजला असल्यास वितळवून काढावा लागतो व आस जागच्या जागी बरोबर धरून त्याभोवती नवा रस ओतावा लागतो. रस चिकटू नये म्हणून आसाला आधी मेणबत्तीची काजळी धरितात. साच्यात पाण्याचा थेंबही राहता कामा नये. त्याची एकदम वाफ होऊन तापलेला धातू तोंडावर उडतो.

चाकांकडून आलेली वर्तुळगती सुरीच्या ये-जा करण्याच्या गतीत बदलणारा एक जोडदांडा असतो, त्याला पिटमन म्हणतात. हे नाव मोठे मौजेचे आहे. लाकडाचा ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवून दोघे करवत्ये तो चिरीत असत, एक वर व एक खड्ड्यात. खड्ड्यातला तो पिटमन. आपल्याकडच्या करवत्यांनाही ही जोडी अपरिचित नाही. यंत्राचा पिटमन बहुधा हिकरी किंवा ॲश ह्या चिवट लाकडाचा करितात. तो लोखंडाचा का करीत नाहीत, अशी शंका चौकस विद्यार्थ्यास येईल. सुरीत दगड किंवा तार अडकली म्हणजे काहीतरी मोडणार हे ठरलेलेच. तेव्हा सुरी किंवा दंतचक्र मोडण्यापेक्षा थोड्या पैशांचे लाकूड मोडलेले बरे. शिवाय लाकूड धक्के सोशिते. नवा पिटमन करताना रेषा सरळ असलेले, गाठ नसलेले लाकूड निवडावे व जुन्याची लांबी तंतोतंत घ्यावी. पाव इंचाची चूक झाली तरी तिचा परिणाम पुढे सांगितल्याप्रमाणे सुरीच्या टोकापर्यंत पोहोचतो.

सुरीचे काम हा ह्या जीर्णोद्धाराचा गाभा होय, आणि येथेच खऱ्या कारागिराची परीक्षा होते. प्रत्येक पाते तीन इंच रुंद. म्हणजे पाच फुटी दांड्याला वीस पाती. जुने पाते काढण्यासाठी सुरी शेगड्यात आडवी धरून पात्याच्या मागच्या कडेवर हातोडीचा नेमका ठोका देतात, त्यासरशी रिवेट तुटतात. नवी पाती आजही बाजारात मिळतात, कारण तीन इंची पात्याची रचना अद्याप मागे पडलेली नाही. गहू-सोयाबीनच्या सुगीत पंजाबकडून मराठवाड्यात व विदर्भात जे प्रचंड हार्वेस्टर येतात, त्यांच्या पुढल्या तोंडाशी वाकून पाहिल्यास बोटांच्या खाचांतून सरकणारी हीच त्रिकोणी दातांची सुरी दिसेल. अर्थात यंत्र पूर्ण बंद असतानाच व मालकाच्या परवानगीनेच पाहावे.

नवी पाती बसविली म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. शिंप्याची कात्री ढिली झाली की कितीही धार असली तरी ती कापड कापण्याऐवजी चावते. सुरीचेही तसेच आहे. पाते बोटावरील पट्टीला अगदी लगटून सरकले पाहिजे. त्यासाठी वरून दाबपट्ट्या व मागून घासपट्ट्या असतात. त्या झिजून सुरी वर उचलली जाऊ लागली की गवत दोहोंच्या मध्ये दुमडून अडकते, घोड्यांना ओढ जड जाते, आणि अजाण मालक म्हणतो की यंत्रच वाईट. दाबपट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी इतकी खाली आणावी की तिच्या व पात्याच्या मध्ये कागदाएवढी फट उरेल. मग दांड्याच्या टोकाशी डोळा लावून, काठी सरळ आहे की वाकडी हे आपण पाहतो तसे, बोटांची रांग पाहावी. एखादे बोट वर किंवा खाली गेलेले असल्यास ते ठोकून ओळीत आणावे. शेवटी सुरी हाताने सरकवून पाहावी. ती सरकली पाहिजे, पण खुळखुळता कामा नये.

आता भूमितीचा भाग. यंत्र उभे असताना कापणीदांड्याचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा किंचित पुढे असावे लागते. दर फुटास पाव इंच ह्या मानाने पाच फुटी दांड्यास सव्वा इंच. कारण असे की, गवत कापीत असता त्याच्या विरोधाने बाहेरचे टोक मागे ढकलले जाते. आधी सव्वा इंच पुढे ठेविलेला दांडा काम करताना बरोबर सरळ होतो, आणि पिटमन व सुरी एका रेषेत चालतात. यंत्र जुने झाले की बिजागऱ्या झिजतात व हे टोक मागे पडत जाते. मग सुरी वाकड्या ओढीने चालते, तापते व अखेर मोडते. ही झीज नुसत्या डोळ्यास दिसत नाही. वाढविलेल्या दोरीने व फूटपट्टीने मोजावी, आणि बिजागरीचे खिळे व त्यांची अस्तरे बदलून किंवा जुळवणीचा बोल्ट फिरवून ती भरून काढावी.

दुसरे माप सुरीच्या फेरीचे. सुरी डावीकडच्या शेवटास पोहोचेल तेव्हा प्रत्येक पात्याचा मध्य बोटाच्या मध्यावर आला पाहिजे, आणि उजवीकडच्या शेवटासही तसाच. पिटमनची लांबी चुकली की एका बाजूस पाते बोटाच्या पुढे जाते व दुसऱ्या बाजूस अपुरे पडते. मग गवत अर्धे कापले जाते व अर्धे ओरबाडले जाते. एवढ्या दोन मापांचा विसर पडल्यामुळे निकामी म्हणून टाकून दिलेली यंत्रे थोडी नसतील, असे आमचे मत आहे.

कापणीच्या पाठोपाठ चालणाऱ्या इतर यंत्रांचे काम त्या मानाने सोपे. कापलेले गवत उधळून वाऱ्यावर मोकळे करणारे यंत्र मागच्या काट्यांनी लाथा झाडल्यासारखे गवत उडविते; त्याचे काटे व स्प्रिंगा तेवढ्या पाहाव्यात. दोन उंच चाकांमधील मोठ्या दाताळ्याचे वाकलेले पोलादी दात सारखे करून त्याचा पायखटका मोकळा करावा. तो पायाने दाबिला की सारे दात एकदम उचलले जाऊन गवताचा ढीग मागे सुटतो. गाडीत गवत चढविणाऱ्या यंत्रात लाकूड फार, व लाकूड कुजते; तेथे लोहारापेक्षा सुताराचे काम अधिक.

रंगाविषयी जाणत्यांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कारखान्यातून निघाले त्या दिवशी होते तसे लालभडक करावे. दुसरा म्हणतो, जुना रंग जेवढा उरला असेल तेवढा राखून वर नुसते तेल द्यावे. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. चालकाच्या बैठकीवर चाळीस उन्हाळे बसून जी झळाळी आलेली असते, ती नव्या रंगाखाली घालविण्यात काय स्वारस्य आहे? परंतु रंग द्यावयाचाच असेल, तर तो सर्व जुळवणी होऊन यंत्राने एकदा गवत कापल्यावर द्यावा. तेल घालण्याची भोके रंगाने बुजविल्यामुळे फुकट गेलेली यंत्रेही असतात.

पहिल्या चाचणीसाठी दगड नसलेले, फार दाट नसलेले गवत निवडतात. घोड्यांना सुरीच्या खडखडाटाची सवय नसल्यास आधी गवताबाहेर मोकळ्या जमिनीवर यंत्र चालवून ती लावितात. बिथरलेल्या घोड्यांमागे चालू सुरी म्हणजे साक्षात अनर्थ. सर्व भोकांत तेल घालून, दांडा खाली टाकून, चालक घोड्यांना प्रथम एक-दोन पावले मागे घेतो व मग पुढे हाकितो, म्हणजे गवतास भिडण्यापूर्वी सुरीला वेग आलेला असतो. दोन फेऱ्या झाल्या की थांबून, खटका सोडून, चालक यंत्राच्या मागच्या बाजूने आसाच्या जागांना हात लावून पाहतो. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. मग तो मागे वळून जमीन पाहतो. कापलेल्या पट्ट्यात कोठे न कापलेल्या काड्यांची बारीक सरळ रेघ राहिली असेल, तर त्या जागचे बोट किंवा पाते बिघडले आहे असे समजावे. ती रेघ मोजून कितवे बोट ते सांगता येते. दुपारी घोड्यांना पाणी दाखवितात, बोथटलेली सुरी बाहेर ओढतात आणि सकाळीच धार लावून ठेविलेली दुसरी तिच्या जागी चढवितात.